डिकिन्सनची बंदूक सुझन हौ यांच्यासोबत कशी वाचावी

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी साहित्य आजचे कवी पुन्हा वाचतात आणि त्या वाचनातून स्वतःचे वेगळे पुस्तक उभे करतात. असे पुस्तक हाती घेणाऱ्याला हमखास एक सल्ला मिळतो: आधी कवीचे चरित्र वाचा, मग समीक्षा वाचा आणि शेवटी कवितेकडे वळा. त्या शतकातल्या अमेरिकी कवयित्री एमिली डिकिन्सनच्या बाबतीत हा सल्ला निव्वळ घातक आहे. कारण पांढरा पोशाख, तिच्या अ‍ॅमहर्स्ट गावातले घर आणि बंद दार अशा तिच्या एकांतवासाच्या कथा एकदा डोक्यात शिरल्या की प्रत्येक कविता त्या दारामागून आल्यासारखी ऐकू येऊ लागते. चरित्र नंतरही वाचता येते. येथे मी डिकिन्सनची एकच कविता आणि डिकिन्सनकडे परतलेल्या दोन कवयित्री, सुझन हौ आणि जॅनेट होम्स, घेऊन क्रम सांगतो.

प्रथम कविता निवडावी. आपली कविता ठरलेली आहे: आपले आयुष्य म्हणजे कोपऱ्यात उभी असलेली भरलेली बंदूक होती, असे सांगून सुरू होणारी, साधारण 1863 मधील, 24 ओळींची. एके दिवशी मालक येतो, तिला ओळखतो आणि घेऊन जातो. मग दोघे रानात हिंडतात, हरिणीची शिकार करतात, रात्री बंदूक मालकाच्या उशाशी पहारा देते.

दुसरी पायरी म्हणजे तिचा पाठ मिळवणे, आणि माझी गाडी याच ठिकाणी वर्षभर अडकली होती.

डिकिन्सन 1886 मध्ये वारली तेव्हा तिच्या जवळजवळ अठराशे कवितांपैकी जेमतेम दहा छापल्या गेल्या होत्या. बाकीच्या सुट्या कागदांवर आणि तिने स्वतः दोऱ्याने शिवलेल्या चाळीस वह्यांत होत्या. 1890 मध्ये पहिला संग्रह निघाला तेव्हा संपादकांनी यमके सरळ केली, डॅश काढले आणि कवितांना शीर्षके चिकटवली. स्वस्त आवृत्त्यांत आजही बहुधा हाच जुना पाठ असतो. आपली बंदुकीची कविता तर 1929 पर्यंत छापलीच गेली नव्हती, त्यामुळे माझ्या जुन्या प्रतीत ती मुळी नव्हतीच. मी ती कुठून तरी उतरवून घेतली, सुझन हौ यांचे ‘माय एमिली डिकिन्सन’ हे 1985 चे पुस्तक त्याआधीच वाचून टाकले आणि आमच्या वाचनमंडळात त्यांचीच मते स्वतःची असल्यासारखी मांडली. शेवटून दुसऱ्या ओळीवर मी बोलत असताना एका वयस्कर बाईंनी शांतपणे विचारले, “तिथे तिने दोन शब्द लिहून ठेवलेत ना? तुम्ही कोणता धरलात?” मला दुसरा शब्द असल्याचेच ठाऊक नव्हते.

तो प्रसंग टाळायचा असेल तर राल्फ फ्रँकलिन यांची 1998 ची किंवा क्रिस्टॅन मिलर यांची 2016 ची आवृत्ती वापरावी. विकत घेणे परवडत नसेल तर ‘एमिली डिकिन्सन आर्काइव्ह’वर हस्तलिखितांची छायाचित्रे फुकट पाहता येतात. अन्य कोणताही पाठ या कामाला चालणार नाही, आणि याबाबत मी तडजोड सुचवणार नाही.

हस्तलिखितात काही शब्दांपाशी बारीक फुली दिसते आणि कवितेखाली त्या फुलीचा पर्यायी शब्द असतो. पाठभेद हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली हे आपण शाळेत शिकलो. पण नेमका हाच ओळखीचा शब्द येथे फसवतो. ज्ञानेश्वरीतले पाठभेद नकलाकारांच्या हातून शिरले, म्हणून तेथे मूळ शब्द शोधायचा असतो. डिकिन्सनचे पर्याय तिने स्वतःच लिहिले आणि या कवितेत त्यांतला एकही खोडला नाही. त्यामुळे ‘खरा शब्द कोणता’ हा प्रश्न येथे विचारूच नये. मी तो विचारत बसलो आणि त्यात महिने गेले.

त्याऐवजी असे करावे. कविता स्वतःच्या हाताने, ओळींमध्ये जागा सोडून उतरवावी आणि प्रत्येक पर्याय पेन्सिलने त्या त्या शब्दावर लिहावा. चार जागा निघतील. प्रत्येक जागी दोन शब्द, म्हणजे हिशेबाने सोळा कविता. सोळाही वाचण्याचा हट्ट धरू नये, कारण दोन जागा पुरेशा आहेत. अठराव्या ओळीत बंदुकीची नजर ज्याच्यावर पडली तो शत्रू दुसऱ्यांदा ‘हलत’ नाही. पर्याय घेतला तर तो दुसऱ्यांदा ‘इजा करत’ नाही. पहिल्या शब्दात प्रेत दिसते, दुसऱ्यात राखण. तेविसाव्या ओळीत बंदूक म्हणते की माझ्यापाशी फक्त मारण्याची ‘शक्ती’ आहे, आणि चोविसाव्यात, मरण्याची शक्ती नाही. पर्यायी शब्द आहे ‘कला’. तो उच्चारताच बंदुकीच्या जागी कवी उभा राहतो, आणि दोन ओळींत घुमणारा एकच शब्द तुटतो. दोन्ही पाठ मोठ्याने वाचावेत. नुसत्या डोळ्यांनी हा फरक कळत नाही.

एक इशारा. मराठीत मारणे आणि मरणे यांत फक्त एका कान्याचे अंतर आहे, त्यामुळे भाषांतरात ही जागा आपोआप चमकते. त्यावर खूश होऊ नये. मूळ इंग्रजीतल्या दोन क्रियापदांच्या ध्वनीत काहीही साम्य नाही. ती चमक आपली आहे, डिकिन्सनची नव्हे.

एवढे झाल्यावरच हौ यांचे पुस्तक उघडावे. त्या स्वतः कवयित्री आहेत आणि समीक्षकासारखा निकाल देत नाहीत. ब्राउनिंगची कविता, फेनिमोर कूपरची 1841 ची ‘द डिअरस्लेअर’ ही कादंबरी, ब्राँटे, शेक्सपिअर असे डिकिन्सनच्या काळी वाचले जाणारे साहित्य त्या या 24 ओळींभोवती रचत जातात आणि ती बंदूक अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या शिकाऱ्याच्या हातात दिसू लागते. त्यासाठी कूपरची सबंध कादंबरी वाचण्याची गरज नाही. मी वाचली आणि तीन आठवडे वाया गेले. हौ जेथे पर्यायांपैकी एका शब्दावर भर देतात तेथे थांबून, आपल्या कागदावरचा दुसरा शब्द घालून त्यांचे म्हणणे टिकते का ते पाहावे. ओळ हस्तलिखितात जेथे मोडते तेथेच ती छापतानाही मोडावी, हा त्यांचा आग्रह 1993 च्या ‘द बर्थ-मार्क’मध्ये आहे. तो मला पूर्ण पटत नाही, कारण कित्येकदा ओळ केवळ कागद संपला म्हणून मोडलेली दिसते.

शेवटची पायरी सोपी आहे. जॅनेट होम्स यांनी 2009 च्या पुस्तकात अमेरिकी यादवी युद्धाच्या सुरुवातीच्या, म्हणजे 1861 आणि 1862 मधल्या डिकिन्सनच्या कवितांतले शब्द खोडत नेले आणि उरलेल्या शब्दांतून इराकचे युद्ध बोलते केले. पुस्तकाचे नावही तसेच उरलेले आहे: ‘द पोएम्स ऑफ एमिली डिकिन्सन’ हे रोमन लिपीत लिहून ‘पोएम्स’ची शेवटची दोन अक्षरे, ‘एमिली’तील एम आणि वाय, ‘डिकिन्सन’ची मधली तीन अक्षरे ठेवली की ‘द एमएस ऑफ माय किन’, म्हणजे माझ्या कुळाचे हस्तलिखित, असे वाचता येते. हे पुस्तक कोड्यासारखे एकटे वाचू नये. त्या त्या मूळ कवितेची झेरॉक्स काढावी, होम्स यांनी ठेवलेले शब्द तिच्यावर गोल करावेत आणि मग खोडले गेलेले शब्द सलग वाचावेत.