आधी थांबे, मग रस्ता: चार देशांची मोटारसहल कशी आखावी

नकाशावर युरोप पाहिला की सगळं हाताशी आल्यासारखं दिसतं, आणि आखणी बिघडते ती तिथेच. म्युनिकहून व्हेनिस एका दिवसात गाठता येतं. आम्ही पहिल्या खेपेला ते केलंही. दिवसभरात पाहिले ते बोगदे, पेट्रोल पंप आणि पुढच्या ट्रकची पाठ. दुसऱ्या खेपेला आखणी उलटी केली. आधी थांबे ठरवले, मग मुक्काम, आणि रस्ता सगळ्यात शेवटी. तीच पद्धत इथे एका वळशावर सांगतो: जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली आणि परत जर्मनी. अकरा रात्री, साधारण १३०० किलोमीटर. महिना शक्यतो सप्टेंबर. तोवर गर्दी ओसरलेली असते आणि घाट उघडे असतात.

१. जिथून गाडी घ्याल तिथेच परत द्या

एका देशात घेतलेली भाड्याची गाडी दुसऱ्या देशात सोडली की बहुतेक ठिकाणी जबर आकार लागतो. म्हणून सरळ रेघ न आखता वळसा आखा. मुक्काम असे पडतात: म्युनिक एक रात्र, ऑस्ट्रियात साल्झबुर्ग एक, स्लोव्हेनियात ब्लेड दोन आणि कोबारिड एक, इटलीत त्रिएस्ते एक, व्हेनिस दोन आणि कोर्तिना दोन, शेवटी पुन्हा म्युनिक एक. कोर्तिना ते म्युनिक हा शेवटचा लांब टप्पा सोडला तर दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, हा नियम मोडू नका. रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच स्टिअरिंग हातात घेऊ नका. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या.

२. कागदपत्रं

या चारही देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा लागतो. तो ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम, त्या देशाकडे मागायचा असतो. विमान म्युनिकला उतरणार म्हणून जर्मनीकडे अर्ज करायचा, ही नेहमीची चूक. वरच्या यादीत इटलीत पाच रात्री आहेत, म्हणजे अर्ज इटलीकडे. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा शेवटच्या पंधरवड्यावर ठेवू नका.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या आरटीओकडून निघण्यापूर्वीच काढा. तो वर्षभर चालतो. मूळ परवानाही सोबत ठेवा, कारण एकावाचून दुसऱ्याला अर्थ नाही. गाडी ठरवताना चारही देशांची नावं सांगून सीमा ओलांडण्याची परवानगी लेखी घ्या. काही महागड्या गाड्या इटलीत न्यायला मनाई असते. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर लवकर ठरवा.

३. थांबे निवडा

माझी कसोटी सोपी आहे: दोन मुक्कामांच्या मध्ये, रस्त्यापासून फार तर अर्ध्या तासावर आणि दोन-तीन तास रमावं असं काहीतरी. म्युनिक ते साल्झबुर्गमध्ये कीमझे तळं आहे. त्यातल्या बेटावर राजा लुडविग दुसरा याने व्हर्सायच्या धर्तीवर उभारलेला राजवाडा आहे. साल्झबुर्गच्या दक्षिणेला होहेनवेर्फेनचा किल्ला महामार्गावरूनच दिसतो. तो बघा आणि पुढे मोठे बोगदे पार करून स्लोव्हेनियात उतरा. ब्लेडचं तळं सुंदर आहेच, त्याबद्दल जास्त सांगायची गरज नाही. दोन रात्री राहा आणि विंटगारच्या घळीत सकाळी लवकर जा.

खरा ऐवज त्यानंतर आहे. ब्लेडहून त्रिएस्ते महामार्गाने दीड-दोन तासांत येतं. तो रस्ता सोडा आणि क्रान्स्का गोरावरून व्रशिच घाट चढा. माथा १६११ मीटरवर, दोन्ही बाजूंची मिळून ५० वळणं. प्रत्येक वळणाला क्रमांक आणि उंचीची पाटी. चढावरच्या वळणांवर अजून दगडी फरसबंदी आहे. हा रस्ता पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाने रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. मार्च १९१६ मध्ये हिमस्खलनात अनेक कैदी गाडले गेले. त्यांच्या सोबत्यांनी बांधलेलं छोटं लाकडी प्रार्थनामंदिर आठव्या वळणाजवळ आहे. तिथे थांबाच. आपण मजेत चढतो तो घाट कुणी आणि कसा बांधला, हे कळल्यावर पुढची वळणं वेगळी वाटतात. हिवाळ्यात घाट बंद असतो.

पलीकडे सोचा नदी भेटते, पाचूच्या रंगाची. १९१५ ते १९१७ या काळात याच खोऱ्यात इटली आणि ऑस्ट्रिया-हंगेरी यांच्यात बारा लढाया झाल्या. कोबारिडच्या संग्रहालयाला दोन तास द्या. मुक्कामही तिथेच करा, कारण घाटाच्या दिवशी शंभर किलोमीटर पुरे होतात.

दुसऱ्या दिवशी नदीबरोबर खाली नोव्हा गोरित्साला या. १९४७ मध्ये नवी सीमा आखली गेली. जुनं गोरित्सिया शहर इटलीकडे गेलं, रेल्वे स्थानक मात्र युगोस्लाव्हियाकडे. म्हणून पलीकडच्यांनी आपलं नवं शहर वसवलं, तेच नोव्हा गोरित्सा. स्थानकासमोरच्या चौकाच्या मधोमध कुंपण होतं, ते २००४ मध्ये निघालं. आता जमिनीत एक गोल तबकडी आहे. एक पाय स्लोव्हेनियात आणि एक इटलीत ठेवून मुलं फोटो काढतात. सीमा म्हटली की आपल्याला वाघा आठवतं. त्यामुळे या चौकात निवांत बसावंसं वाटतं, आणि बसावं.

इथून थेट त्रिएस्तेला न जाता श्कोत्सियानच्या गुहांकडे वळा. बहुतेक सहली पोस्तोइनाच्या गुहेत जातात. तिथे आत छोटी रेल्वे आहे, आई-बाबा किंवा लहान मुलं सोबत असतील तर तीच सोयीची. पायात बळ असेल तर मात्र श्कोत्सियान: जमिनीखाली दरी, तिच्या तळाशी वाहती नदी आणि वर टांगल्यासारखा पूल.

त्रिएस्तेला संध्याकाळी कॉफी आणि समुद्र. व्हेनिसच्या वाटेवर पाल्मानोवा आहे, १५९३ मध्ये व्हेनिसने वसवलेलं नऊ टोकांच्या ताऱ्याच्या आकाराचं तटबंद गाव. सह्याद्रीचे किल्ले पाहिलेल्यांना सपाट जमिनीवरचा किल्ला कसा विचार करतो, ते इथे कळेल. व्हेनिसमध्ये गाडी मेस्त्रेला ठेवून रेल्वेने जा.

व्हेनिस ते कोर्तिना या वाटेवर लोंगारोने लागतं. वर व्हायोंतचं धरण आहे. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री डोंगराचा कडा जलाशयात कोसळला, पाण्याची लाट धरणावरून उसळली आणि खालची गावं पुसली गेली. सुमारे १९०० माणसं गेली. धरण मात्र अजून उभं आहे. १२ जुलै १९६१ चं पानशेत ज्या घरांत अजून सांगितलं जातं, त्या घरांतल्या माणसांनी इथे न थांबता पुढे जाऊ नये.

४. टोलचा हिशेब

इथे बरेच जण फसतात. चारही देशांत पद्धत वेगळी आहे. जर्मनीत गाड्यांना महामार्गावर टोल नाही. ऑस्ट्रियात मुदतीचा परवाना लागतो, त्याला व्हिन्येट म्हणतात. दहा दिवसांचा साधारण १२-१३ युरोंना मिळतो. आपण दुसऱ्या दिवशी ऑस्ट्रियात शिरतो आणि अकराव्या दिवशी इटली-ऑस्ट्रिया सीमेवरच्या ब्रेनर घाटावरून परत येतो, म्हणजे मोजून दहा दिवस. मध्ये एक मुक्काम वाढवलात तर परतीला एक दिवसाचा वेगळा घ्या. साल्झबुर्ग ते ब्लेडच्या वाटेवरचे टाउअर्न आणि कारावांकन बोगदे, तसंच ब्रेनरचा महामार्ग, यांचे टोल याशिवाय. स्लोव्हेनियाचा व्हिन्येट फक्त डिजिटल आहे, सात दिवसांचा घ्या. डिजिटल व्हिन्येट गाडीच्या क्रमांकावर निघतो. भाड्याच्या गाडीचा क्रमांक आदल्या दिवशी कळत नाही, म्हणून किल्ली हातात आल्यावरच काढा, आणि तोही सरकारी संकेतस्थळावरून.

इटलीत व्हिन्येट नाही, टोल रस्त्यावरच भरायचा. बहुतेक ठिकाणी शिरताना चिठ्ठी घ्यायची, उतरताना अंतराप्रमाणे पैसे द्यायचे. फक्त टेलीपास (आपल्या फास्टॅगसारखी सोय) लिहिलेल्या पिवळ्या मार्गिकेत शिरू नका.

५. गाडी चालवताना

उजवीकडून चालवण्याची सवय तासाभरात होते. धोका असतो तो रिकाम्या रस्त्यावर डावीकडे वळताना आणि पंपावरून बाहेर पडताना. शेजारच्याने तेव्हा मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं, हे आधीच ठरवा. इटलीतल्या जुन्या शहरांच्या मध्यभागी झेडटीएल लिहिलेला भाग असतो. तिथे परवानगीशिवाय शिरलात तर कॅमेरा क्रमांक टिपतो. दंड काही महिन्यांनी घरी येतो आणि गाडीवाल्यांचा आकार त्याआधीच कार्डावरून जातो. हॉटेल अशा भागात नको. पेट्रोल इटलीत शिरण्यापूर्वी स्लोव्हेनियात भरा, तिथे सहसा स्वस्त पडतं.

६. डबा

तूप, पेढे, खवा सामानात नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना मनाई आहे. चटणी, मेतकूट, भडंग खुशाल न्या. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून फळं, ब्रेड, दही शनिवारीच घेऊन ठेवा.

शेवटच्या दिवशी पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत टाकू नका. ऑस्ट्रियातून जर्मनीत शिरताना तपासणी असते आणि रांगही लागते. गाडी परत करायच्या वेळेत तासभर मोकळा ठेवा. टाकी भरा, चारही बाजूंनी फोटो काढा आणि मगच किल्ली द्या.