फोंताइन्हासमधल्या जुन्या घराचा गिलावा: सिमेंट नको, चुनाच

पणजीतलं फोंताइन्हास आल्तिनोची टेकडी आणि ओरेंची खाडी यांच्या मध्ये वसलंय. टेकडीचं पाणी झिरपत पायाशी येतं आणि चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत ते शोषून वर ओढते. चुन्याच्या गिलाव्यातून ही ओल वाळून जाते. वर सिमेंट थापलं की तिची वाट बंद. मग ती आणखी वर चढते, लोणा, म्हणजे भिंतीतलं मीठ, बाहेर फुटतो आणि पोपडे चिऱ्याची भुकटी सोबत घेऊनच गळतात. ‘एकदाच पक्कं करून टाकू’ म्हणणाऱ्या गवंड्याचं म्हणूनच ऐकू नका.

पाऊस सरल्यावर महिनाभर भिंत वाळू द्या. हा वारसा विभाग आहे, रंग बदलायचा असला तरी महापालिकेत आधी विचारा.

भिंत ठोकून पाहा. बद्द आवाज येईल तिथला गिलावा सुटलेला आहे. सिमेंट छन्नी-हातोडीनं काढा, ब्रेकरनं नाही, चिरा मऊ असतो. सांधे दोनेक सेंटिमीटर खोल उकरा. लोणा कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करा. धुतलात तर मीठ विरघळून परत आत जातं.

कळीचा चुना विझवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरू द्या. कच्चा खडा राहिला तर तो नंतर भिंतीत फुगतो आणि टिकलीएवढा खड्डा पाडतो. 1 भाग चुन्याला 3 भाग नदीची चाळलेली वाळू. समुद्राची वाळू म्हणजे पुन्हा मीठच. भिंत ओली करून 10 मिलिमीटरचा थर द्या. जाड थर तडकतो. आठवडाभर ओलं गोणपाट टांगा, भर उन्हात काम करू नका. पहिला थर घट्ट झाला, नख रुतेनासं झालं, की दुसरा.

रंगही चुन्याचाच. दुधाइतका पातळ, चार-पाच हात, दोन हातांत एक दिवस सोडून. पिवळी माती, गेरू, निळ्यासाठी अल्ट्रामरीन चालतं. प्रशियन ब्लू चुन्यात उडतो. रंगद्रव्य चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, नाहीतर हाताला लागतं. ओला रंग गडद दिसतो, म्हणून आधी कोपऱ्यात हातभर पट्टा मारून वाळल्यावर छटा ठरवा. खिडक्यांभोवतीच्या पांढऱ्या पट्ट्या शेवटी.

प्लास्टिक इमल्शन मात्र नकोच. वर केलेली सगळी मेहनत त्याखाली गुदमरते.