रोसारिओ कास्तेयानोसची पत्रं अभ्यासाला घेताय? आधी दोघांचं कॅलेंडर मांडा

स्पॅनिशची बी-टू पातळी पार पडली आणि प्रबंधाला विषय शोधायची वेळ आली, की आपल्याकडचे बरेच जण मेक्सिकोकडे वळतात. त्यातल्या बऱ्याच जणी रोसारिओ कास्तेयानोसपाशी येऊन थांबतात. मीही त्यातलीच. कवयित्री, नाटककार, कादंबरीकार, इस्रायलमधली मेक्सिकोची राजदूत, आणि वर रिकार्दो गेर्राला, म्हणजे पुढे नवरा झालेल्या माणसाला, लिहिलेली पत्रं पुस्तकरूपात हाताशी. विषय आयता मिळाला असं वाटतं. तो आयता नाही, पण झेपेल असा आहे. हे दोन्ही मी मनापासून सांगतेय.

चरित्रातली मोठी वळणं तुम्हाला ठाऊक असतीलच. १९२५ साली मेक्सिको सिटीत जन्म, बालपण चिआपासमधल्या कोमितानला, जमीनदाराचं घर. धाकटा भाऊ लहानपणीच गेला. कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना झालेल्या जमीनवाटपात घराण्याची सद्दी संपली. १९४८ मध्ये आई-वडील पाठोपाठ गेले. १९७४ मध्ये तेल अवीवला घरातल्या दिव्याचा विजेचा धक्का बसून रोसारिओ गेली, तेव्हा पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. प्रबंधात याची पंचवीस पानं करू नका. परीक्षक ती पानं वाचत नाहीत, फक्त उलटतात.

आता मुद्द्याचं. ‘कार्तास अ रिकार्दो’ हे पुस्तक १९९४ साली आलं, म्हणजे ती गेल्यावर वीस वर्षांनी. त्यात पत्रांचे दोन मोठे गठ्ठे आहेत. पहिला १९५०-५१ चा. आधी चिआपासहून, मग शिष्यवृत्तीवर मैत्रीण दोलोरेस कास्त्रोबरोबर माद्रिदला गेल्यावर तिथून. दुसरा १९६६-६७ चा. तेव्हा ती अमेरिकेत विस्कॉन्सिन, इंडियाना आणि कोलोरॅडोच्या विद्यापीठांत पाहुणी प्राध्यापक होती. ही पत्रं सलग वाचली की डोळ्यांसमोर एक बाई उभी राहते: सतत वाट पाहणारी, उत्तर आलं नाही म्हणून तळमळणारी, स्वतःला कमी लेखणारी, पुन्हा पुन्हा क्षमा मागणारी. वाचता वाचता आपण वहीत लिहून टाकतो, ‘हिचं सगळं आयुष्य या माणसाची वाट पाहण्यात गेलं.’ मी लिहिलं होतं, तेही ठळक अक्षरात.

पण पत्र लिहितो कोण आणि कधी? माणूस समोर नसतो तेव्हा. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना पत्रं लिहीत नाहीत. त्यामुळे कुठल्याही जोडप्याच्या पत्रसंग्रहात विरहाचीच वर्षं भरून येतात आणि सहवासाची वर्षं गायब असतात. हे इतकं उघड आहे की कोणी शिकवत नाही, आणि कोणी शिकवत नाही म्हणून दर वर्षी कोणी ना कोणी यातच अडकतं. मी जरा जास्तच पाल्हाळ लावणार आहे, लावू द्या.

एक मोठा कागद घ्या. डावीकडे रोसारिओ, उजवीकडे रिकार्दो, आणि १९५० पासून १९७४ पर्यंत दर वर्षी कोण कुठे होतं ते लिहा. पत्रं वाचण्याआधी लिहा. मग प्रत्येक पत्राची तारीख त्या कागदावर टिंबाने मांडा. टिंबं दोन ठिकाणी दाटीवाटीने येतील आणि मधली वर्षं जवळपास ओस पडलेली दिसतील. आता त्या ओस वर्षांत काय झालं ते भरा. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला रिकार्दोने चित्रकार लिलिया कारियोशी लग्न केलं, म्हणजे पत्रं थांबायला सरळ कारण आहे. तिकडे रोसारिओ चिआपासला परतली, क्षयाने आजारी पडली, बरी झाली, लेखकांसाठीची शिष्यवृत्ती मिळवली. मग सान क्रिस्तोबाल दे लास कासासला आदिवासी कल्याणाच्या सरकारी संस्थेत नोकरीला लागली आणि पेतुल नावाच्या हातबाहुलीसाठी छोटी नाटकं लिहू लागली. आपल्याकडची कलापथकं जशी गावोगाव जायची, तशी ही बाहुल्यांची मंडळी त्सोत्सिल आणि त्सेल्ताल या माया आदिवासींच्या वस्त्यांत जाऊन शाळा, स्वच्छता, औषधपाणी यांवर खेळ करायची. १९५७ मध्ये ‘बालून कानान’ ही कादंबरी आली. १९५८ मध्ये रिकार्दोशी लग्न, १९६१ मध्ये मुलगा गाब्रिएल, १९६२ मध्ये ‘ओफिसियो दे तिनिएब्लास’ ही दुसरी कादंबरी. १९६० ते ६६ मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात माहिती आणि प्रसिद्धी विभागाची जबाबदारी. १९६३ पासून ‘एक्सेल्सिओर’ दैनिकात लेख.

कागदाकडे पुन्हा बघा. दोन्ही मोठ्या कादंबऱ्या, पेतुलचे खेळ, नोकऱ्या, संसार, सगळं त्या ओस पट्ट्यात आहे. जी बाई हे सगळं करत होती ती पत्रांत फारशी नाहीच. पत्रांतली बाई खोटी आहे असं मी म्हणत नाही. ती खरीच आहे, पण परगावी आहे, एकटी आहे, आणि ज्याला लिहितेय त्याच्यापुरती आहे. हा कागद केल्यावर माझ्या आराखड्याची दोन प्रकरणं केराच्या टोपलीत गेली. ती गेली म्हणून उरलेला प्रबंध उभा राहिला, त्यामुळे तुमचं असं काही गेलं तर घाबरू नका.

दुसरी अडचण याच्याच पोटातली. पुस्तकात फक्त तिची बाजू आहे. आपल्याला याची सवय नसते, कारण जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पत्रव्यवहाराच्या दोन्ही बाजू मराठीत छापून आलेल्या आहेत. इथे रिकार्दोचा आवाज तिच्या वाक्यांतूनच ऐकू येतो. लग्नात ताण होता, त्याच्या इतर संबंधांचा तिला फार त्रास झाला, नैराश्य आलं, औषधं घ्यावी लागली, हे पत्रांत आहे आणि कवितेतही आहे. ‘वालियुम १०’ ही कविता वाचल्यावर वेगळं सांगायची गरज उरत नाही. पण रिकार्दोवर खटला चालवणं हे प्रबंधाचं काम नाही. माझ्याबरोबरच्या एका मुलीने अख्खं प्रकरण रागाच्या भरात लिहिलं. लिहिलं झकास, पण तोंडी परीक्षेत ‘त्याची उत्तरं तुम्ही वाचलीत का?’ एवढ्या एका प्रश्नावर ते कोसळलं.

समीक्षा वाचताना प्रकाशनाचं साल बघायची सवय लावून घ्या. १९९४ च्या आधी लिहिणाऱ्या अभ्यासकांसमोर ही पत्रं छापील रूपात नव्हती. अभ्यासक मॉरीन अहर्नने केलेला रोसारिओच्या साहित्याचा इंग्रजी संकलनग्रंथ १९८८ चा. त्यात कविता, कथा, निबंध, नाटक सगळं आहे आणि आजही तो नवख्या माणसाला फार उपयोगी पडतो. १९९४ नंतरच्या लिखाणात पत्रं सगळीकडे झिरपलेली दिसतात, कधीकधी नको तितकी. आणि पत्रांच्या पुस्तकाला मेक्सिकन लेखिका एलेना पोनियातोव्स्काची प्रस्तावना आहे, ती शेवटी वाचा. ती वाईट आहे म्हणून नव्हे. ती इतकी चांगली आहे की नंतर स्वतःचं मत बनायला जागाच राहत नाही.

मग पत्रांशी ताडून काय वाचायचं? माझं ठाम मत: वर्तमानपत्रातले लेख. असंकलित लेखांचे ‘मुखेर दे पालाब्रास’ नावाने तीन खंड निघाले आहेत. १९६६-६७ ची पत्रं आणि त्याच महिन्यांतले लेख शेजारी ठेवा. पत्रात पैशांची ओढाताण आहे, मुलाची काळजी आहे, झोप नाही. लेखात तीच बाई स्वतःची टर उडवत वाचकाला हसवते. दोन्ही एकाच टेबलावर लिहिलेलं असणार.

आणि ‘एर्लिंदा से वा’ हा १९७३ चा लेख चुकवू नका. लहानपणी जमीनदाराच्या मुलीला सोबत म्हणून मारिया एस्कांदोन नावाची आदिवासी मुलगी दिली होती. ती रोसारिओच्या लग्नापर्यंत तिच्याजवळच राहिली. पुढे मारिया सान क्रिस्तोबालला गेर्त्रूद दूबी या स्विस छायाचित्रकार बाईंकडे कामाला गेली, तेव्हा दूबींनी रोसारिओला विचारलं, की इतकी वर्षं तुझ्याजवळ राहून हिला लिहिता-वाचता कसं येत नाही? जी बाई वस्त्यावस्त्यांत शिक्षणाचे खेळ पोचवत होती, तिच्याच घरातली ही गोष्ट, आणि ती तिने स्वतः छापून सांगितली. नवऱ्याला लिहिलेल्या पत्रांत जी शरम दिसते तिच्यापेक्षा ही शरम मला कितीतरी मोठी वाटते. यावर कोणी नीट प्रकरण लिहावं. मी वेळेअभावी लिहिलं नाही.

नाटकाकडे शेवटी जातात म्हणून ते राहून जातं. ‘एल एतेर्नो फेमेनीनो’ तिच्या मृत्यूनंतर १९७५ मध्ये छापून आलं. अभिनेत्री एम्मा तेरेसा आर्मेंदारिस आणि दिग्दर्शक राफाएल लोपेस मियार्नाऊ यांच्या आग्रहावरून तिने ते लिहिलं. ब्यूटी पार्लरमध्ये लग्नाची तयारी करायला लुपिता येते. केस वाळवायच्या यंत्रात स्वप्नं पाडणारं उपकरण बसवलेलं असतं, आणि तिला स्वतःचं पुढचं आयुष्य दिसू लागतं. दुसऱ्या अंकात ईव्ह, स्पॅनिश आक्रमकांची दुभाषी मालिंचे, सतराव्या शतकातली कवयित्री सोर हुआना वगैरे बायका येऊन इतिहासाची आपापली बाजू मांडतात. धमाल आहे. १९७१ मध्ये घटस्फोट झाला म्हणून हे नाटक म्हणजे घटस्फोटाची कैफियत, असं कोणी सांगितलं तर मान हलवा आणि सोडून द्या.

शॉर्टकटबद्दल थोडं. मशीनवर भाषांतर करून पत्रं वाचू नका. माहिती कळते, पण ती कुठे चेष्टा करतेय आणि कुठे खरंच रडतेय ते पुसलं जातं, आणि या पत्रांत सगळं त्यावरच आहे. स्पॅनिश कमी पडतंय असं वाटलं तर कवितांपासून सुरुवात करा. उशिराच्या कविता बोलीच्या जवळ आहेत, अडखळायला होत नाही. तिची समग्र कविता ‘पोएसीया नो एरेस तू’ १९७२ ची, आणि फोंदो दे कुल्तुरा एकोनोमिका या प्रकाशनाने काढलेल्या दोन खंडांच्या ‘ओब्रास’मधल्या दुसऱ्या खंडात कविता, नाटक, निबंध एकत्र मिळतात. महाग पडतो, म्हणून ग्रंथालयाला मागणी करा. मेक्सिकोतल्या विद्यापीठांचे बरेच प्रबंध नेटवर फुकट आहेत, त्यांच्या संदर्भसूच्या सोन्यासारख्या असतात.

आणि गाइड. ‘आधी सिद्धान्ताचं प्रकरण लिहून आण, मग मूळ पुस्तक उघड’ असं म्हणणारे गाइड मला मान्य नाहीत. त्यांना नम्रपणे हो म्हणा, घरी येऊन पत्रं उघडा. टिंबांचा तो कागद मात्र पहिल्याच भेटीत त्यांच्यासमोर ठेवा. तो पाहिल्यावर सिद्धान्ताचा आग्रह बराच सैल होतो, निदान माझ्या बाबतीत झाला.