दोन पात्यांचा ट्रॅपर: आराखडा, जोडणी आणि संग्रह

घडीच्या चाकूची किंमत बहुतेक जण मुठीवरून करतात. जाणकार मात्र आधी पाते उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. पाते मिटलेले, अर्धे उघडलेले आणि पूर्ण उघडलेले अशा तिन्ही स्थितींत स्प्रिंगची पाठ मुठीच्या कडेशी सपाट राहिली, तर चाकू नीट बनला आहे. दोन पाती असतील तर हे जमवणे आणखी कठीण होते, कारण एका पात्यातली चूक रिवेट ठोकल्यावर दुसऱ्यालाही भोवते.

पहिला चाकू बनवायला किंवा कारागिराकडून करून घ्यायला ट्रॅपर हाच घाट घ्यावा. अमेरिकेत शिकारीची कातडी सोलणाऱ्यांसाठी तो रूढ झाला. मिटलेली लांबी साधारण १०५ मि.मी., दोन्ही पाती एकाच टोकाला. एक टोकदार क्लिप पाते, दुसरे बोथट टोकाचे स्पे पाते, जे कातडी सोलताना ती भोसकत नाही. दोन पात्यांना दोन वेगळ्या स्प्रिंग आणि मध्ये एक लाइनर, म्हणजे धातूची पातळ पट्टी, असते. पेननाइफमध्ये दोन टोकांची दोन पाती एकाच स्प्रिंगवर चालतात. तिथे एकमेकांना घासू नयेत म्हणून पाती किंचित वाकवावी लागतात, आणि हे काम सुरुवातीला हाती घेऊ नये.

जाडीचा हिशेब आधी कागदावर करा. २.४ मि.मी. जाडीची दोन पाती आणि ०.८ मि.मी.चे तीन पितळी लाइनर मिळून ७.२ मि.मी. झाले. दोन्ही बाजूंना ३ मि.मी.च्या हाडाच्या पट्ट्या धरल्या की एकूण १३.२ मि.मी. भरतात. खिशात एवढी जाडी चालते. १४ च्या पुढे गेलात तर मूठ ठोकळ्यासारखी लागते. स्प्रिंगची जाडी तिच्या पात्याच्या टँगइतकीच हवी. टँग म्हणजे पात्याचा मुठीत राहणारा चौकोनी भाग. स्प्रिंग टँगपेक्षा जाड राहिली तर पाते आडवे हलते. पातळ राहिली तर रिवेट ठोकताच लाइनर टँगला चिमटतात आणि पाते जाम होते.

आता टँग. बाजू ७ मि.मी. धरली तर पाते ज्या पिनवर फिरते तिच्या मध्यापासून प्रत्येक सपाट बाजू ३.५ मि.मी.वर येते. पाते फिरताना टँगचा कोपरा स्प्रिंगला वर ढकलतो. कोपरा धारदार ठेवला तर स्प्रिंग जवळजवळ १.४५ मि.मी. उचलली जाते, अर्ध्या मि.मी.ची गोलाई दिली तर सुमारे १.२५. टँगची बाजू ८ मि.मी. केली की धारदार कोपऱ्याची उचल १.६५ च्या पुढे जाते. स्प्रिंग मुठीत मधल्या आणि मागच्या अशा दोन पिनांनी अडकलेली असते. उचलीत आधीचा ताण मिळवला की ती मधल्या पिनच्या भोकाजवळ तडकू शकते. म्हणून टँग मोठा करून ‘टक’ असा आवाज वाढवायचा मोह टाळा. आवाज सपाट बाजू नेमक्या असल्या की येतो.

आधीचा ताण असा द्या. ताणलेल्या स्थितीतली स्प्रिंग आखा आणि मधल्या पिनचे भोक लाइनर व स्प्रिंग यांतून एकदम पाडा. मग त्या पिनवर स्प्रिंग थोडी फिरवून तिचे पुढचे टोक १.५ ते २ मि.मी. आत घ्या, शिकंजात धरा, आणि लाइनरच्या भोकातून मागच्या पिनचे भोक पाडा. पाते बसले की टँग ते टोक बाहेर ढकलतो आणि ताण तयार होतो. फिरवल्यामुळे स्प्रिंगची शेपटी किंचित वर येते. तेव्हा पाठीचा शेवटचा आकार सर्व भाग पिनांवर बसवून, ताण असतानाच घासायचा. आधी सुट्टी स्प्रिंग घासून ठेवली तर जोडल्यावर पाठ हमखास वाकडी दिसते.

पोलादासाठी आपल्याकडे बाजारात मिळणारे ओएचएनएस (तेलात कडक होणारे पोलाद) उत्तम. परदेशी पुस्तकांत ज्याला ओ-१ म्हणतात ते हेच. भोके आधी, बाहेरचा आकार नंतर, हा क्रम सोडू नका. आकार कापून मग पिनचे भोक पाडले आणि ते अर्धा मि.मी. सरकले, तर तो टँग भंगारात जातो.

टँगच्या बाजू कानसण्यासाठी एक पाटी बनवा. १० मि.मी. जाडीच्या लोखंडी प्लेटवर तिन्ही पिना उभ्या करा आणि स्प्रिंगच्या टोकावर ०.०१ मि.मी. दाखवणारा डायल गेज टेकवा. पाते उघडून गेज शून्यावर आणा, मग अर्धे मिटवा आणि आकडा पाहा. जी बाजू स्प्रिंगला जास्त उचलते ती कानसा. दोन्ही स्थिती ०.०३ च्या आत आल्या की डोळ्याला फरक दिसत नाही. मिटलेल्या स्थितीत स्प्रिंगवर टेकते ती ‘किक’, म्हणजे टँगच्या पुढच्या बुडाशी असलेला छोटा उंचवटा. धार स्प्रिंगवर आपटू नये म्हणून तो असतो. धार आणि स्प्रिंग यांत ०.८ मि.मी. फट ठेवा. किक सर्वांत शेवटी, दोन-तीन घासांत एकदा तपासत कानसा. जास्त गेली तर परत भरता येत नाही.

नखखाचा, म्हणजे पाते उघडायला नख अडकवायच्या खाचा, दोन्ही पात्यांच्या बाहेरच्या अंगाला घ्या. दोन्ही एकाच अंगाला घेतल्या तर एक खाच शेजारच्या पात्याआड जाते आणि पाते उघडताना नख तुटते.

पाणी देताना, म्हणजे पोलाद कडक करताना, भट्टी ८०० अंशांवर, तापमान पोहोचल्यावर दहा मिनिटे धरून मग ५५ अंशांच्या तेलात. तेल गार असेल तर पाते वाकण्याचा धोका वाढतो. हाताला सोसेल इतके थंड होताच टेंपर, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणे, सुरू करा. पात्यांना २०० अंशांवर दोन तास, दोन वेळा, म्हणजे कठीणपणा रॉकवेल सी या मापावर ६० च्या आसपास येतो. स्प्रिंगला ४५० अंश, तीही दोनदा. ती ४७ ते ४९ वर उतरली पाहिजे. स्प्रिंग पात्याएवढी कडक ठेवली तर पहिल्या काही उघडझापीतच तुटते, आणि फार मऊ केली तर वाकून तशीच राहते. दोन्ही भाग एकाच वेळी टेंपरला टाकण्याची घाई बरीच महागात पडते.

जोडणी आधी तात्पुरत्या पिनांवर तीन-चार वेळा करून बघा. उघडलेल्या पात्याचा टँग आणि स्प्रिंगचे टोक यांतून उजेड दिसला तर सांधा अजून तयार नाही. शेवटी जर्मन सिल्व्हरच्या २.४ मि.मी. पिना घाला. बोल्स्टरच्या (मुठीच्या टोकाच्या धातूच्या तुकड्याच्या) बाहेरच्या बाजूला भोकाचे तोंड किंचित निमुळते रुंद करा, म्हणजे ठोकलेली पिन ती जागा भरते आणि पॉलिशनंतर नाहीशी होते. आधी मागची, मग मधली, पात्याची पिन सर्वांत शेवटी. हातोडी १०० ग्रॅमची, घाव हलके आणि अनेक. टँग आणि लाइनर यांच्यामध्ये ०.०५ मि.मी.चा पातळ पत्रा ठेवून ठोका आणि मग तो ओढून काढा. जोराच्या घावाने पिन आतही फुगते, आणि तसे जाम झालेले पाते तेलाने सुटत नाही.

जुने चाकू जमवायचे असतील तर केस या अमेरिकन कंपनीचे ट्रॅपर सुरुवातीला बरे, कारण त्यांचा काळ टँगवरच वाचता येतो. ‘केस टेस्टेड एक्सएक्स’ असा ठसा १९२० ते १९४० चा, नुसता ‘केस एक्सएक्स’ १९४० ते १९६४ चा, ‘यूएसए’ जोडलेला १९६५ ते १९६९ चा. १९७० मध्ये ठशाखाली दहा टिंबे आली आणि दरवर्षी एक कमी होत गेले. म्हणजे त्या दशकाच्या ठशात सात टिंबे असतील तर १९७३. ६२५४ या क्रमांकात ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती, आणि ५४ हा ट्रॅपरचा घाट.

ठसा खरा असला तरी पाते मूळचे असेलच असे नाही. दोन्ही पात्यांची झीज सारखी आहे का, टोके मुठीत पुरेशी खोल आहेत का, पिनांच्या डोक्यांवर नव्या घावांचे ओरखडे आहेत का, हे भिंगाने बघा. चकचकीत केलेला जुना चाकू घेऊ नका. बफरने ठशाच्या कडा पुसल्या जातात आणि त्या परत येत नाहीत. सेल्युलॉइडच्या मुठी कालांतराने सडतात, त्यातून निघणारी आम्ल वाफ शेजारच्या पात्यांनाही गंज चढवते. त्या वेगळ्या डब्यात ठेवा. कोणताही चाकू चामड्याच्या म्यानात साठवू नका. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल घालून दर महिन्याला खनिज तेलाचा पातळ हात फिरवावाच लागतो.

सांबरशिंगाच्या मुठी सुंदर असतात, पण भारतात सांबरशिंगाचा व्यापार कायद्याने बंद आहे. नव्या चाकूला म्हशीचे हाड किंवा मायकार्टा (राळेत दाबलेले कापड) घ्या.

बटण दाबताच उघडणाऱ्या दोन पात्यांच्या चाकूत प्रत्येक पात्याला उघडणारी स्प्रिंग आणि अडकवणारा खटका वेगळा लागतो. मुठीत जागा उरत नाही, म्हणून जुने नमुने दुर्मीळ आणि महाग. अमेरिकेत १९५८ च्या फेडरल कायद्याने अशा चाकूंच्या आंतरराज्य व्यापारावर बंधन आणले, आणि दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणदार चाकूंवर. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात तेव्हा साधा चाकूही सार्वजनिक ठिकाणी बाळगता येत नाही. ट्रॅपर दुसऱ्या संग्राहकाला दाखवायला न्यायचा असेल तर आधी त्या भागात असा आदेश लागू आहे का ते पोलीस ठाण्यात विचारा.