वळवाचे ढग कोणते, मोसमीचे कोणते? पेरणीआधीची आभाळपाहणी

रोहिणी नक्षत्रात एखादी जोरदार सर येते, ढेकळं भिजतात आणि गावात पेरणीच्या तिफणी निघतात. पुढे पंधरा दिवस उघडीप पडली की कोंब करपून दुबार पेरणी. असं होतं, कारण पाऊस मोजला जातो, पण तो कुठल्या ढगातून पडला हे कुणी पाहत नाही.

वळवाच्या दिवशी सकाळ निरभ्र असते. अकराच्या सुमारास सपाट बुडाचे, कापसासारखे ढग उठतात. दुपारपर्यंत रुंदीपेक्षा उंची वाढली आणि माथा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा रेखीव दिसला, तर ढग अजून वाढतोय. माथ्याची कड पिंजल्यासारखी विस्कटून वर ऐरणीसारखी पसरली, की विजा आणि वादळ धरून चाला. गाराही पडू शकतात. उकाड्यात एकदम गार वारा सुटला तर हातात जेमतेम दहा-पंधरा मिनिटं उरतात. तेव्हा ताडपत्री शोधत बसू नका; काढलेल्या कांद्याजवळ ती बाराच्या आतच नेऊन ठेवा. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून 3 ने भागा, तितके किलोमीटर वीज दूर. 30 सेकंदांच्या आत आवाज आला तर झाड, तारेचं कुंपण, ट्रॅक्टर सोडून पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. मोबाइलवर विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप असू द्या.

हा पाऊस एका शिवारात पडतो, शेजारचं कोरडं राहतं. अर्ध्या तासात 40 मिमी कोसळला तरी बरंचसं पाणी वाहून जातं.

मोसमी आभाळाची खूण वेगळी. ढग दुपारची वाट पाहत नाहीत. रात्री, पहाटेही भरून राहतात आणि गडगडाट कमी होतो. फट मिळाली की वर पाहा: खालचे ढग पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतात, तर खूप उंचावरचे पिसासारखे ढग पूर्वेकडून पश्चिमेला सरकतात. ही उलटी चाल सलग तीन-चार दिवस टिकली तर मोसमी वारे बसले म्हणायला हरकत नाही. मात्र सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत, ढग नुसते पळतात. भुरभुर सोडून काही देत नाहीत. नगर-सोलापूरकडे त्यांच्यावर भिस्त ठेवू नये.

म्हणून 75 ते 100 मिमी पाऊस झाल्यावरच चाड्यावर मूठ धरा, म्हणजे पेरणीला लागा. त्याआधी खुरप्याने वीतभर खोल माती काढून मुठीत दाबा. गोळा होऊन कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला तर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आहे. बोटांना चिकटली तर थांबा, आणि गोळाच झाला नाही तर ओल खाली उतरलेलीच नाही.