प्रदूषित शहरात धावायला जाताय? या चुका टाळा

पहाटेची हवा शुद्ध असते, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की कुणी तपासून पाहत नाही. थंडीच्या दिवसांत शहरात बहुतेकदा उलटंच असतं. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार होऊन खालीच बसते आणि वर उबदार हवेचं झाकण पडतं. वाहनांचा, शेकोट्यांचा धूर त्याखाली कोंडतो. साडेपाचला बाहेर पडल्यावर दिव्याभोवती पिवळट वलय दिसलं आणि नाकात जळकट वास आला, तर ते निव्वळ धुकं नव्हे. ऊन वर येऊन जमीन तापली की झाकण सुटतं, तेव्हा निघा. कडक उन्हाळ्यात मात्र दुपार टाळा, कारण उन्हामुळे ओझोन हा फुप्फुसांना त्रासदायक वायू वाढतो. तेव्हा सकाळच बरी.

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हमरस्त्याच्या कडेने धावणं. शांत बसलेला माणूस मिनिटाला 6 ते 8 लीटर हवा घेतो. जोरात धावताना हेच प्रमाण दहापटीच्या वर जातं, तेही तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी बाजूलाच राहते. लंडनमध्ये दमा असलेल्या 60 जणांना डिझेल वाहनांच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर आणि हाइड पार्कमध्ये दोन-दोन तास चालवून पाहिलं. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रस्त्यावर चालल्यावर फुप्फुसांची क्षमता जास्त घटलेली दिसली. एक-दोन गल्ल्या आत वळलात तरी फरक पडतो. सिग्नलपाशी उभ्याउभ्या जॉगिंग तर नकोच.

हवेच्या गुणवत्तेचा ॲपवरचा आकडा पाहता ना? तो बऱ्याचदा 24 तासांची सरासरी असतो. आत्ताचा, तासाचा पीएम 2.5 (म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचं प्रमाण) बघा.

कापडी मास्कवर भिस्त ठेवू नका, बारीक कण कडेने आत शिरतात. एन-95 नीट बसला तर कण अडवतो, पण ओझोनसारखे वायू नाही. शिवाय धावताना त्यात जीव गुदमरतो.

घसा खवखवतोय, खोकला येतोय, तरी ‘स्टॅमिना वाढेल’ म्हणून रेटू नका. वेग इतका कमी करा की नाकाने श्वास घेता येईल, आणि घराकडे वळा. छातीत दुखलं किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज आला तर तिथेच थांबा, डॉक्टरांना दाखवा. दमेकऱ्यांनी इनहेलर खिशातच ठेवावा.

आणि हो, घाबरून व्यायामच सोडू नका. हवा फार वाईट असेल त्या दिवशी खिडक्या लावून घरातच दोरीच्या उड्या मारा, सूर्यनमस्कार घाला.