घरच्या नॅसचा बूट ड्राइव्ह गेलाय? या चुका टाळा

रात्री अकरा वाजता मित्राचा फोन आला, आवाज पार घाबरलेला. "अरे, सर्व्हर सुरूच होत नाहीये. काळ्या स्क्रीनवर 'नो बूटेबल डिव्हाइस' एवढंच येतंय. बाबांचे सगळे फोटो त्यातच आहेत रे." मी त्याला आधी एवढंच सांगितलं, की फोटो जागेवरच आहेत, तू फक्त कशाला हात लावू नकोस.

नॅस म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइल एका जागी ठेवणारा छोटा सर्व्हर. त्यावर ट्रूनॅस असो, ओपनमीडियाव्हॉल्ट असो की अनरेड, ही सिस्टिम सहसा एका ड्राइव्हवर (बूट ड्राइव्ह) असते आणि आपला डेटा दुसऱ्या डिस्कवर. बूट ड्राइव्ह बंद पडला म्हणून डेटाच्या डिस्कवरचं काही पुसलं जात नाही. झेडएफएसमध्ये, म्हणजे ट्रूनॅस डेटा ज्या पद्धतीने साठवतो तिच्यात, तर पूलची (एकत्र जोडलेल्या डिस्कच्या गटाची) माहिती त्या डिस्कवरच लिहिलेली असते. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडल्या तरी पूल ओळखला जातो. खरं नुकसान होतं ते पुढच्या तासाभरात, घाईघाईत चुकीचं बटण दाबलं गेल्यामुळे.

न बघताच निदान करू नका

ब्राउझरमध्ये पान उघडलं नाही की लोक थेट "बूट ड्राइव्ह गेला" म्हणून मोकळे होतात. आधी मशीनला मॉनिटर आणि कीबोर्ड लावा. कित्येकदा सर्व्हर मजेत चालू असतो, राउटरने त्याला फक्त नवा आयपी पत्ता दिलेला असतो.

खरोखरच बूट होत नसेल, तर बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन ड्राइव्हचं नाव दिसतंय का ते पाहा. पुढचं सगळं यावर ठरतं. नाव दिसत नसेल तर केबल, पोर्ट नाहीतर खुद्द ड्राइव्ह. नाव दिसतंय आणि तरीही बूट होत नाही, तर बूटचा क्रम, यूईएफआय की लेगसी हा मोड (बूट करायची नवी की जुनी पद्धत), किंवा बिघडलेला बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा छोटा प्रोग्राम).

इथेच एक साधी वस्तू नजरेतून सुटते, मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी. सर्व्हर चोवीस तास चालू असतो, त्यामुळे ती संपलीय हे कळतच नाही. मग एखाद्या गुरुवारी देखभालीसाठी दिवसभर वीज जाते, यूपीएस उतरतो, आणि वीज आल्यावर बायोसमधलं सगळं सेटिंग मूळपदावर गेलेलं असतं. मी मित्राला विचारलं, "बायोसमध्ये तारीख काय दिसतेय?" तारीख कित्येक वर्षं मागची होती. ड्राइव्हचं नाव दिसत होतं, बूट मोड तेवढा बदलला होता. दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या दुकानातून त्याने ती तीन व्होल्टची बॅटरी आणली.

आणखी एक नेहमीचा घोळ एम.२ स्लॉटचा, म्हणजे बोर्डावरच एसएसडी बसवायच्या जागेचा. बऱ्याच बोर्डांवर त्या स्लॉटमध्ये नवा एसएसडी बसवला की साटाचे (केबलने ड्राइव्ह जोडायचे) एकदोन पोर्ट बंद होतात, कारण दोघांची लेन (डेटाची वाट) एकच असते. काल नवा एसएसडी लावला आणि आज जुना बूट ड्राइव्ह गायब झाला असेल, तर ड्राइव्हला दोष देण्याआधी बोर्डाचं मॅन्युअल उघडा.

ड्राइव्ह दिसतोय पण रखडतोय, अशा वेळी स्मार्टचा, म्हणजे ड्राइव्ह स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवतो तिचा, रिपोर्ट वाचा. १९९ क्रमांकाचा, म्हणजे सीआरसी त्रुटींचा (केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाचा) आकडा वाढत असेल तर बहुतेक केबल ढिली किंवा खराब आहे. केबल बदलली तरी तो आकडा शून्यावर येत नाही, वाढायचा थांबला की झालं. ५ आणि १९७ क्रमांकांचे, म्हणजे ड्राइव्हवरच्या खराब आणि संशयास्पद जागांचे, आकडे चढत असतील तर मात्र ड्राइव्ह बदलायचीच वेळ आलीय.

डेटाच्या डिस्क जोडलेल्या ठेवून इन्स्टॉल करू नका

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती या चुकीची. नव्या बूट ड्राइव्हवर सिस्टिम पुन्हा टाकताना इन्स्टॉलरमध्ये डिस्कची एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी यादी येते आणि प्रत्येक बूटला हा क्रम तोच राहील याची खात्री नसते. चुकीच्या नावावर खूण केली की ती डिस्क कोरी होते. त्यामुळे मशीन बंद करून डेटाच्या सगळ्या डिस्कच्या केबल काढा. काढण्याआधी प्रत्येक डिस्कवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून सिरियल नंबरचे शेवटचे चार आकडे लिहा. मी तर पोर्टचा नंबरही लिहितो. पाच मिनिटांचं काम आहे, पण रात्री बारा वाजता डोकं चालत नाही तेव्हा तीच टेप वाचवते.

इन्स्टॉल झालं, डिस्क परत जोडल्या, की ट्रूनॅसमध्ये पूल 'इम्पोर्ट' करायचा, 'क्रिएट' नाही. दोन्ही पर्याय एकाच पानावर असतात, आणि नवा पूल तयार करताना डिस्कवरचं सगळं जातं. पूल आला की 'अपग्रेड' करा असं सुचवलं जाईल, तेही लगेच करू नका. एकदा अपग्रेड केलेला पूल जुन्या आवृत्तीत उघडेलच असं नाही, आणि मागे फिरता येत नाही.

अनरेडवाल्यांसाठी धोका वेगळा आहे. अनरेड ज्यावरून बूट होतो तो पेनड्राइव्ह गेला आणि त्याचा बॅकअप नसेल, तर कोणती डिस्क कुठल्या जागी होती ही नोंदही जाते. अशात डेटाची डिस्क चुकून पॅरिटीच्या (एखादी डिस्क गेल्यास तिचा डेटा परत उभा करायला लागणाऱ्या डिस्कच्या) जागी टाकली, तर पॅरिटी तयार होताना त्या डिस्कवरचा डेटा पुसला जातो. पॅरिटी डिस्कचा सिरियल नंबर आजच कागदावर लिहून ठेवा.

पेनड्राइव्हवर भिस्त ठेवू नका

फ्रीनॅसच्या (ट्रूनॅसचं जुनं नाव) जमान्यात पेनड्राइव्हवरून बूट करायची पद्धतच होती. आता ट्रूनॅस बूट ड्राइव्हवर सतत काही ना काही लिहीत असतो आणि साधा पेनड्राइव्ह त्याला फार काळ पुरत नाही. जागा फारशी लागत नाही, म्हणजे जुन्या लॅपटॉपमधून निघालेला छोटा एसएसडीही चालतो. ओपनमीडियाव्हॉल्ट पेनड्राइव्हवर चालवायचंच असेल तर त्यासाठीचं खास प्लगिन टाका, लिहिण्याचा भार बराच कमी होतो. अनरेड मात्र पेनड्राइव्हवरून मेमरीत चढतो आणि तिथूनच चालतो, त्याला चांगल्या कंपनीचा पेनड्राइव्ह पुरतो.

अपडेटनंतर ट्रूनॅस उठत नसेल तर इन्स्टॉलची गरजही नसते. सुरू होताना ग्रबच्या, म्हणजे बूटलोडरच्या, मेनूत आधीचं बूट एन्व्हायर्नमेंट (अपडेटच्या आधीच्या सिस्टिमची जपलेली प्रत) निवडा.

कॉन्फिगची फाइल सर्व्हरवरच ठेवू नका

डेटा वाचतो, पण यूजर, शेअर, परवानग्या ही सगळी मांडणी, म्हणजेच कॉन्फिग, बूट ड्राइव्हबरोबर जाते. ट्रूनॅसमध्ये कॉन्फिग डाउनलोड करताना 'पासवर्ड सीक्रेट सीड'च्या चौकटीत खूण करा, नाहीतर साठवलेले पासवर्ड नव्या इन्स्टॉलवर उलगडत नाहीत. पूल एन्क्रिप्टेड असेल तर त्याच्या किल्ल्या वेगळ्या उतरवून घ्या. किल्ली नसेल तर डिस्क धडधाकट असूनही काही मिळत नाही, आणि तिथे कुणीच मदत करू शकत नाही.

बॅटरी बसवल्यावर मित्राचा सर्व्हर उठला. मी त्याला फोनवरूनच बूट-पूलची (बूट ड्राइव्हवरच्या पूलची) 'झेडपूल स्टेटस', म्हणजे पूलची तब्येत, बघायला लावली. चेकसमच्या रकान्यात, म्हणजे वाचताना चुकीच्या निघालेल्या डेटाच्या मोजणीत, १४ चा आकडा होता. त्याचा सर्व्हर ज्या पेनड्राइव्हवरून बूट होत होता, तोही शेवटच्या घटका मोजत होता. त्याने आधी कॉन्फिगची फाइल लॅपटॉपवर उतरवली, एक प्रत बहिणीला मेल केली, आणि मगच एसएसडी मागवला.